शिरेचा शेजार

बाबांच्या डाव्या पायावर घोट्यापासून मांडीपर्यंत एक लांब व्रण आहे. चार वर्षांपूर्वी पुण्यात त्यांची बायपास झाली, तेव्हा तिथली शीर काढून हृदयावर जोडली. थंडी पडली की ती जागा कोरडी होते, आतून ओढल्यासारखी वाटते, म्हणून रात्री मी खोबरेल तेल कोमट करून तिथे चोळते. बोट फिरवताना एक खोल गेलेली रेघ लागते, शेतातल्या पाटासारखी. उजव्या पायाला तशी रेघ नाही.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. चौतीस वर्षं साताऱ्यात त्यांनी इंजिनं खोलली आणि जोडली. त्यामुळे स्वतःच्या ऑपरेशनबद्दल त्यांना पडणारे प्रश्नही त्याच जातीचे असतात. मागच्या डिसेंबरात तेल लावता लावता त्यांनी विचारलं, "ही शीर काढली, तिच्या भोवती चरबी असणारच की. ती कुठं गेली गं?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या पुस्तकात मूलपेशींचा, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशींचा भाग आहे, तो दरवर्षी शिकवते. पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. "बघून सांगते, बाबा," म्हटलं. त्या बघण्यात माझं पुढचं जवळजवळ वर्ष गेलं.

आपल्या भाषेला चरबीविषयी एकच मत कधी ठरवता आलेलं नाही. माजलेल्या माणसाला आपण 'चरबी चढलीय' म्हणतो आणि त्याच तोंडाने तान्ह्या लेकराला बघून 'छान बाळसं धरलंय' म्हणतो. आनंद झाला की अंगावर मूठभर मांस चढतं. आयुर्वेदाच्या सात धातूंत मेद चौथा येतो, अस्थी आणि मज्जेच्या आधी. यातून आजच्या प्रयोगशाळेतला पुरावा काढायला मी तयार नाही, पण शरीराचा हिशेब मांडताना त्या लोकांनी चरबीला कचऱ्यात धरलं नाही, हे मला फार आवडतं. कारण आपण तिला नंतर बरीच वर्षं कचऱ्यातच धरलं.

१९६४ मध्ये अमेरिकेत मार्टिन रॉडबेल या शास्त्रज्ञाने उंदरांच्या चरबीचे तुकडे कोलॅजिनेज नावाच्या विकरात ठेवून पेशी मोकळ्या केल्या आणि ते मिश्रण यंत्रात फिरवलं. ताक घुसळल्यावर होतं तसंच झालं. तेलाने भरलेल्या मेदपेशी लोण्यासारख्या वर तरंगल्या आणि बाकीचं सगळं तळाशी बसलं. रॉडबेलला वरचं हवं होतं. तळच्या गाळात बारीक रक्तवाहिन्यांचे तुकडे, संरक्षक पेशी आणि आणखी काही अनोळखी पेशी होत्या. पुढे २००१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या, लायपोसक्शनमध्ये शोषून काढलेल्या चरबीतला हाच गाळ वाढवला. योग्य खाद्य दिल्यावर त्यातल्या काही पेशी हाडाच्या वाटेला लागल्या, काही कूर्चेच्या, काही स्नायूच्या, काही परत चरबीच्या. जगभर ऑपरेशन थिएटरमधून बादल्यांनी टाकून दिल्या जाणाऱ्या वस्तूत मूलपेशी सापडल्या होत्या, आणि त्याही अस्थिमज्जेतून मिळतात त्याहून कितीतरी जास्त.

मला मात्र त्या पेशी काय काय बनू शकतात यापेक्षा त्या राहतात कुठे, हे कळल्यावर जास्त थरारून आलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना आणि टेक्सास इथल्या दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की चरबीतल्या या पेशी चरबीत वाटेल तिथे विखुरलेल्या नसतात. त्या तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला बिलगून असतात. आतल्या बाजूला रक्त वाहतं, मध्ये एका पेशीच्या जाडीचं अस्तर आणि लगेच त्याला टेकून ही मंडळी. इंडियानाच्या गटाने त्याआधी २००४ मध्ये हेही पाहिलं होतं की प्राणवायू कमी केला की या पेशी नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं एक प्रथिन पाचपट जास्त सोडतात. म्हणजे यांचं राहणं शिरेच्या भिंतीला लागून, आणि कामही शिरेचंच. वाड्यात दोन बिऱ्हाडांमध्ये एकच भिंत असते, पलीकडे कोणी खोकलं तरी इकडे ऐकू येतं, तसं काहीसं.

आता हृदयाकडे येते.

१९५५ ते १९६३ या काळात मोकळ्या हवेत अणुबॉम्बच्या इतक्या चाचण्या झाल्या की वातावरणातला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, जवळपास दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर तो वर्षागणिक उतरत गेला. झाडांनी तो घेतला, झाडांतून धान्यात, धान्यातून माणसात. पेशी विभागते तेव्हा नव्या डीएनएमध्ये त्या वर्षीच्या हवेतला कार्बन बसतो आणि पुढे बदलत नाही. त्यामुळे प्रत्येक पेशीच्या आत तिच्या जन्माची तारीख असते. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ही तारीख वाचली. माणसाने केलेल्या सर्वांत भयंकर उद्योगांपैकी एकाच्या राखेतून कोणी हृदयाचं वय मोजावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

२००८ मध्ये त्यांनी चरबी मोजली. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या साधारण दहा टक्के मेदपेशी दरवर्षी मरतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. २००९ मध्ये हृदय मोजलं. पंचविसाव्या वर्षी हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला एक टक्का नव्या होतात, आणि पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. आख्खं आयुष्य गेलं तरी निम्म्याहून अधिक पेशी जन्मापासूनच्याच राहतात.

हे आकडे मी एका दुपारी स्टाफरूममध्ये वाचले आणि पुस्तक मिटून ठेवलं. बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत. त्यांच्या हृदयात हजारामागे वर्षाला चार-पाच नव्या पेशी येत असतील, आणि ज्या पोटाबद्दल आई त्यांना रोज बोलते त्या पोटात हजारामागे शंभर. ॲटॅकमध्ये हृदयाचा जो भाग गेला, तो चार-पाचच्या हिशेबाने कधीच भरून येणार नव्हता. आणि वीतभर खाली, बनियनच्या आत, न थकता नवं घडवणारा कारखाना चालू होता. तिथलं इथं आणता आलं तर? हा विचार मनात यायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. मुलगी असलं की पुरे.

त्याच दिवसांत आत्येभावाने फोनवर एक जाहिरात पाठवली. आम्ही गेलो. कोणत्या शहरात, ते लिहीत नाही. काचेची खोली, भिंतीवर लाल चकचकीत हृदयाचं चित्र, आणि अतिशय मृदू बोलणारा माणूस. पोटाची थोडी चरबी काढायची, त्यातल्या मूलपेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी सलाईनमधून द्यायच्या. स्वतःच्याच पेशी, म्हणून धोका नाही. साडेतीन लाख. बाबांनी बाहेर आल्यावर फक्त एवढं म्हटलं, "फंडातले काढता येतील." ज्या माणसाने आयुष्यभर नवे चप्पल घेताना दोनदा विचार केला, त्याने हे चहाचा कप खाली ठेवायच्या आत ठरवलं होतं. त्यांना जगायचं होतं, आणि मला ते त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की मला बोलता येईना.

मी पंधरा दिवस मागून घेतले आणि वाचत बसले.

शिरेतून दिलेल्या अशा पेशींपैकी बहुतेक आधी फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. तिथून हृदयापर्यंत फार थोड्या पोचतात. बरं, थेट हृदयात दिल्या तर? तेही करून झालं आहे, नीट, काळजीपूर्वक. युरोपात हृदयविकाराचा झटका आलेल्या १४ जणांवर पहिली छोटी चाचणी झाली, दहा जणांना पेशी आणि चार जणांना नुसतं द्रव. धोका दिसला नाही, थोडी आशा दिसली. मग डॅनिश डॉक्टरांच्या पुढाकाराने मोठी चाचणी झाली. निरोगी दात्यांच्या चरबीतून पेशी घेऊन, वाढवून, गोठवून, त्या थकलेल्या हृदयाच्या स्नायूत सुईने टोचल्या. १३३ रुग्ण. २०२३ मध्ये निकाल छापून आला. पेशी सुरक्षित होत्या. पण सहा महिन्यांनी हृदयाचा आकार आणि त्याची ताकद यांत, पेशी मिळालेल्या आणि न मिळालेल्या लोकांत फरक नव्हता.

त्या शोधनिबंधाचा सारांश मी चार-पाच वेळा वाचला, दर वेळी एखादा शब्द सुटला असेल या आशेने.

कारणं हळूहळू कळत गेली. टोचलेल्या पेशी तिथे टिकत नाहीत. धडधडणाऱ्या स्नायूतून बऱ्याचशा लगेच बाहेर ढकलल्या जातात, उरलेल्या काही दिवसांत मरतात. त्या हृदयाच्या पेशी बनून कामाला लागतील ही मूळ कल्पनाच आता कोणी फारशी धरत नाही. त्या जे काही करतात ते रसायनांच्या निरोपांनी करतात. आणि हे सारं क्षेत्र एकदा चांगलंच पोळलेलं आहे. मोठ्या माणसाच्या हृदयातच मूलपेशी असतात असं सांगणाऱ्या एका प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस २०१८ मध्ये हार्वर्डने केली होती. 'स्वतःच्याच पेशी, म्हणून धोका नाही' हेही खरं नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या गेल्या आणि त्यांची दृष्टी गेली. २०१७ मध्ये ते वैद्यकीय नियतकालिकात आलं. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय की रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं ठराविक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचे बाकी उपचार नोंदणी झालेल्या चाचणीबाहेर देता येत नाहीत. आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात.

मी बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेपर उघडला. पहिलं पान बराच वेळ उलटलं नाही. फंड तसाच राहिला. त्या काचेच्या खोलीचा मला आजही राग येतो, कारण तिथे विकलं जात होतं ते पूर्ण खोटं नव्हतं. त्या पेशी खऱ्या आहेत. त्यांचं काम खरं आहे. फक्त ते काम त्या जिथे राहतात तिथे करतात, आणि तिथलं त्यांचं काम हृदयासाठी किती मोलाचं आहे हे त्या माणसाने आम्हाला सांगितलंच नाही.

ते सांगायला पुण्यातली एक गोष्ट घेते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हातापायांनी काटकुळी, स्नायूंनी कमी, पोटाने लहान. पण चरबी मात्र त्यांनी बरीचशी राखलेली. त्यांना 'थिन-फॅट' बाळ हे नाव पडलं. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. बाबांना तो फोटो दाखवला तर ते म्हणाले, "हे आपल्या वर्कशॉपमधले सगळेच." खरंच. हातपाय सुतळीसारखे आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली.

इथे त्या मूलपेशींचं काम सुरू होतं. खाल्लेलं जास्त झालं की ते ठेवायला जागा लागते. कातडीखालच्या चरबीत पुरेशा मूलपेशी जाग्या असतील, तर त्या नव्या, लहान, रिकाम्या मेदपेशी घडवतात आणि तेल तिथे शहाण्यासारखं साठतं. ते जमलं नाही तर जुन्याच पेशी फुगत जातात. फुगून फुगून त्यांना प्राणवायू पुरेना होतो, सूज येते, आणि मग तेल जिथे जायला नको तिथे जातं. यकृतात, पोटातल्या आतड्यांभोवती, स्नायूत. काही माणसं जन्मतःच चरबी साठवू शकत नाहीत. दिसायला ती पिळदार असतात. पण त्यांना तरुणपणीच मधुमेह होतो, यकृत तेलाने भरतं. 'चरबीच नसती तर बरं झालं असतं' असं म्हणणाऱ्याने अशा एका रुग्णाबद्दल तरी वाचावं. बाबांचं दुखणं पोटावरच्या चरबीने सुरू झालं, असं मी इतकी वर्षं समजत होते. आता वाटतं, तिला पुरेशी जागा करता आली नाही, तिथून सुरू झालं असेल. मधुमेह आणि वय या पेशींना आणखी थकवतात, आणि बाबांना वयाच्या बावन्नाव्या वर्षापासून साखर आहे.

शिरेभोवतीच्या चरबीची गोष्ट अजून वेगळी. प्रयोगशाळेत रक्तवाहिनीचा तुकडा घेतला की आधी त्याच्यावरची चरबी खरवडून काढायची, अशी पद्धत होती. भाजी निवडताना देठ काढावेत, तशी. १९९१ मध्ये सोल्टिस आणि कॅसिस या दोघांनी उंदराच्या महाधमनीचे तुकडे चरबीसकट तपासले. आकुंचन पावायला लावणारं औषध टाकल्यावर चरबी असलेल्या तुकड्यांनी कमी आकुंचन केलं. चरबी काहीतरी सांगत होती, आणि नळी ऐकत होती.

उलटंही खरं निघालं. ऑक्सफर्डमध्ये चॅरालाम्बोस अँटोनिआडेस यांच्या गटाने हृदयाचं ऑपरेशन होणाऱ्या रुग्णांची चरबी तपासली. हृदयाच्या धमनीच्या भिंतीला आतून सूज असेल, तर ती भिंत बाहेरच्या चरबीला निरोप पाठवते आणि तिथल्या कोवळ्या पेशींना मेदपेशी म्हणून मोठं होऊ देत नाही. त्या लहान, कमी तेलाच्या, पाणीदार राहतात. हा फरक सीटी स्कॅनवर दिसतो. धमनीत अडथळा दिसायच्या आधीच, भोवतालच्या चरबीच्या रंगछटेवरून, कोणती धमनी दुखत आहे हे सांगता येऊ लागलं आहे. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात पोरांची वाढ खुंटली, आणि त्यावरून इकडचं दुखणं ओळखलं.

आता बाबांच्या पायाकडे.

बायपाससाठी शीर काढायची नेहमीची रीत अशी. तिच्यावरची चरबी आणि बाहेरचं आवरण सोलून ती साफ करायची. सोलल्यावर शीर आकसते. मग तिच्यात दाबाने सलाईन भरून फुगवायची, म्हणजे गळती आहे का तेही कळतं. या दाबात आतलं नाजूक अस्तर दुखावतं. स्वीडनमध्ये ओरेब्रो इथे डोमिंगोस सूझा या सर्जनने नव्वदच्या दशकात वेगळं केलं. शीर भोवतालच्या चरबीच्या गादीसकट उचलायची, हाताळायची नाही, फुगवायची नाही. चरबीत खुद्द शिरेला रक्त पुरवणाऱ्या बारीक केसांसारख्या वाहिन्या असतात, त्यांच्या भिंतीवर त्या मूलपेशी असतात, शिरेला सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड असतं. सगळं बिऱ्हाडच हलवायचं. १६ वर्षांनी तपासलं तेव्हा अशा शिरांपैकी ८३ टक्के चालू होत्या, सोललेल्यांपैकी ६४ टक्के.

याचंही मी भजन करणार नाही. चीनमध्ये २६५५ रुग्णांवर चाचणी झाली, तिथे वर्षभराने बंद पडलेल्या शिरा ३.७ टक्के विरुद्ध ६.५ टक्के, म्हणजे चरबीसकट काढलेल्या सरस. नंतर खुद्द स्वीडनमधल्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांनी ठाम फरक आढळला नाही, आणि पायाच्या जखमा मात्र जास्त चिघळल्या. चरबी उचलून नेली की पायात खड्डा राहतो, तो भरायला वेळ लागतो. तरी माझं मन सूझांच्या बाजूला झुकतं, ते आकड्यांइतकंच त्यांच्या हाताच्या सवयीमुळे. ज्याला सगळे मळ समजत होते त्याला त्यांनी तसंच राहू दिलं.

नोव्हेंबरात बाबांच्या तपासणीला पुण्याला गेलो होतो. सगळे कागद बघून झाल्यावर मी सर्जनना विचारलं. ते अजिबात घाईत नव्हते. प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे त्यांनी पेनने एक नळी काढली, तिच्याभोवती ढगासारखी चरबी काढली.

"काका, तुमची शीर मी सोलून घेतली," ते बाबांकडे बघत म्हणाले. "साखर होती तुम्हाला. पायाची जखम भरली नसती, ही मला भीती होती."

"बरोबर केलंत," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि मग ती चरबी? टाकून दिली?"

"नाही हो. शीर तेवढी वर घेतली. चरबी पायातच आहे, जिथली तिथं. वरची कातडी आत चिकटलीय, म्हणून खड्डा लागतो हाताला."

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलेला. कात्रजचा बोगदा गेला, शिरवळ गेलं.

"म्हणजे शीर गेली आणि ही बसलीय इथंच," ते म्हणाले.

"हो, बाबा."

त्यांनी पँटवरूनच डाव्या पोटरीवर तळहात ठेवला. खंबाटकीचा घाट चढून होईपर्यंत तो तिथेच होता.